नेमका शब्द कुठला? ‘मेरियम-वेबस्टर्स डिक्शनरी ऑफ सिनॉनिम्स’बद्दल एका भाषांतरकाराचं मत

‘मेरियम-वेबस्टर्स डिक्शनरी ऑफ सिनॉनिम्स’ ही इंग्रजी समानार्थी शब्दांमधले फरक सांगणारी डिक्शनरी घ्यावी का, असं भाषांतराच्या कामातली मंडळी मला अधूनमधून विचारतात. मी उलट विचारते: तुमचं नेमकं दुखणं काय? शब्द आठवत नाही, की आठवलेल्या चार शब्दांतला कुठला ठेवायचा ते कळत नाही? पहिलं दुखणं असेल तर ही डिक्शनरी घेऊ नका. कुठलाही थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या नुसत्या याद्या देणारा कोश, चालेल, आणि तो फोनवर फुकट मिळतो. दुसरं असेल तर मात्र घ्याच, आणि सुरुवातीला तिच्यावर भरपूर वैतागायची तयारी ठेवा.

मी मराठी कथा आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रकं इंग्रजीत नेते, शिवाय इतरांनी केलेली भाषांतरं तपासते. व्याकरणाच्या चुकांचा मला फारसा त्रास होत नाही. त्या दिसतात, दुरुस्त होतात. छळतात ते व्याकरणात चोख बसलेले चुकीचे शब्द. एका कथेच्या मसुद्यात शेलाट्या बांध्याची, चपळ नायिका पहिल्याच पानावर ‘स्क्रॉनी’ झाली होती. ज्यानं भाषांतर केलं त्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, ‘थिन’ फारच साधा वाटला. थिसॉरसमध्ये हा मिळाला.” मिळाला खरा. पण ‘स्क्रॉनी’ म्हणजे हाडं वर आलेलं, खुरटलेलं, किरकोळ शरीर. नायिकेला हवा होता ‘स्लेंडर’, कारण त्यातल्या बारीकपणाला डौल आहे. ‘स्लिम’ही चालला असता. ‘स्लाइट’ म्हटलं की चणच लहान होते, आणि ‘गाँट’ म्हटलं की उपासमारीनं किंवा अतिश्रमानं गाल बसलेला माणूस समोर येतो. पाचही शब्द एकाच रकान्यात, एकमेकांना चिकटून, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले. स्वल्पविराम काही समजावून सांगत नाही.

यात थिसॉरसचा दोष नाही म्हणा. पीटर मार्क रॉजे या ब्रिटिश डॉक्टरानं १८५२ मध्ये आपला थिसॉरस काढला तो कल्पनांच्या वर्गवारीनुसार शब्द मांडून. अर्थ दिलेच नाहीत. शब्दांमधले फरक वाचकाला ठाऊक आहेत, फक्त वेळेवर आठवत नाहीत, हे त्यात गृहीत होतं. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्यापुरतं ते बरोबरही असेल. आपण मात्र त्या यादीतला सगळ्यात भारदस्त दिसणारा शब्द उचलतो आणि पुढे जातो.

इंग्रजी-मराठी कोशाकडे वळावं तर तिथे वेगळीच पंचाईत. ‘ऑब्स्टिनेट’: हट्टी, दुराग्रही. ‘स्टबर्न’: हट्टी, हेकट. ‘डॉगेड’: हट्टी, चिवट. तीन शब्द तीन ठिकाणी उघडून पाहिले आणि हाती एकच ‘हट्टी’ लागला. ही मेरियम-वेबस्टर डिक्शनरी मला उपयोगी पडते ती नेमकी इथे. ती हे तिन्ही शब्द शेजारी उभे करते आणि कोण कुठे वेगळा पडतो ते वाक्यांत सांगते. ‘ऑब्स्टिनेट’ माणूस समजूत घातली तरी आपलं सोडत नाही, आणि त्यात बहुधा अविचाराचा वास येतो. ‘स्टबर्न’मध्ये हट्ट मुळातच मुरलेला असतो. तो स्वभावच आहे, बदलायला गेलात तर दाद लागणार नाही. म्हणून वस्तूलाही ‘स्टबर्न’ म्हणता येतं: न निघणारा डाग, बरा न होणारा खोकला. ‘डॉगेड’ म्हणजे दात-ओठ खाऊन चिकटून राहणं. त्यात थोडा घुमेपणा असला तरी बहुतेकदा कौतुकच असतं. याच गटात ‘म्यूलिश’ आणि ‘पिगहेडेड’ही आहेत, आणि त्यांत कौतुकाला काडीचीही जागा नाही. नातवंडांना दटावून शाळेत पाठवणारी, स्वतः काबाडकष्ट करणारी कथेतली आजी यांपैकी कोण, हे मग कथा वाचून ठरवायचं. डिक्शनरी तुमच्या वतीनं ठरवत नाही, पण तीन वेगळ्या आज्या समोर उभ्या करते.

रचना थोडी सांगते, कारण ती समजेपर्यंत पुस्तक हाताळताना चिडचिड होते. पानं नऊशेच्या वर आहेत. प्रत्येक गटाची चर्चा एकाच ठिकाणी, गटातल्या एका शब्दाखाली असते. बाकीच्या शब्दांखाली फक्त ‘तिकडे पाहा’. चर्चेनंतर, आणि ‘तिकडे पाहा’ म्हणणाऱ्या शब्दांखालीही, तीन प्रकारच्या याद्या येतात: ‘ॲना’ म्हणजे समानार्थी नाहीत पण जवळचे शब्द, ‘कॉन’ म्हणजे अर्थानं विरोधी बाजूला झुकणारे, आणि ‘अँट’ म्हणजे काटेकोर विरुद्धार्थी. या याद्यांत काही शब्दांवर तारा असतो. तारा दिसला की त्या शब्दाची स्वतंत्र चर्चा त्याच्या जागी आहे असं समजायचं. विरुद्धार्थी शब्दांबाबत संपादक इतके कडक आहेत की अनेक शब्दांना तो रकानाच नाही. प्रस्तावनेत त्यावर लांबलचक वाद घातलाय. तो वाचण्यासारखा आहे, पण काम अंगावर असताना नाही.

या गटांमधलं माझं आवडतं पान भीतीचं. ‘फिअर’ सगळ्यांत सर्वसाधारण, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पुढे मात्र रंगत येते. ‘ड्रेड’मध्ये समोर जायची तीव्र अनिच्छा असते. गोष्ट अजून घडलेली नाही, पण घडणार आहे, आणि आपल्याला तिला तोंड द्यायचं नाहीये. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची धास्ती ती हीच. ‘फ्राइट’ अचानक होतो आणि बहुधा लवकर ओसरतो, आपल्या दचकण्याच्या जवळचा. ‘अलार्म’मध्ये धोका एकदम ध्यानात येतो, आणि माणूस भानावर असतो. ‘पॅनिक’मध्ये नेमकं ते भानच जातं: भीती विचारावर स्वार होते, माणूस सैरावैरा पळतो, आणि पुष्कळदा कारणही तितकं नसतं. ‘टेरर’ हे भीतीचं टोक. ‘हॉरर’मध्ये भीतीला किळस किंवा घृणा चिकटलेली असते, म्हणून अपघाताचं दृश्य पाहणाऱ्याला ‘हॉरर’ वाटतो, तो स्वतः पूर्ण सुरक्षित असला तरी. आणि ‘ट्रेपिडेशन’मध्ये बिचकत, थरथरत, पाय मागे घेत पुढे जाणं आहे.

रुग्णांच्या पत्रकात हा फरक फार कामाचा असतो. “तपासणीपूर्वी भीती वाटणं स्वाभाविक आहे” या वाक्यात कुणी ‘टेरर’ लिहिणार नाही, हे उघड आहे. पण ‘अलार्म’ लिहिणारे मी पाहिलेत, आणि तो शब्द तिथे रुग्णाला सांगतो की धोका खरोखर आहे, आणि तो आत्ताच आहे.

ओलाव्याचा गटही असाच. ‘वेट’ म्हणजे भिजलेलं, ओलंचिंब. ‘डँप’ म्हणजे थोडी ओल शोषलेलं, आणि बहुधा नकोशी ओल: दमट भिंत, न वाळलेले कपडे. ‘डँक’ त्याहून वाईट, ऊन न लागलेल्या तळघरातली सर्द, कुबट ओल. ‘मॉइस्ट’मध्ये ती नकोशी छटा नाही. ‘ह्युमिड’ मुख्यतः हवेसाठी. जखम ओलसर ठेवायची असते तेव्हा इंग्रजीत ‘मॉइस्ट’ का म्हणतात आणि ‘डँप’ का म्हणत नाहीत, याचं उत्तर इथे मिळतं. पण लगेच तुम्ही विचाराल, पुसायच्या ओल्या फडक्याला सगळीकडे ‘डँप क्लॉथ’ म्हणतात, त्यात नकोसं काय? काहीच नाही. ती जोडी रूढ झालीय, एवढंच. अर्थाचा फरक समजला म्हणून शब्दांच्या जोड्या आपोआप समजत नाहीत. या पुस्तकाची मर्यादा इथून सुरू होते, तिच्याकडे येतेच.

चुकांबद्दलचा गट संपादन करणाऱ्या प्रत्येकानं एकदा वाचावा. ‘एरर’मध्ये एक ठरलेला नियम किंवा प्रमाण असतं आणि त्यापासून ढळणं असतं. ‘मिस्टेक’ गैरसमजातून किंवा अनवधानानं होते आणि तिच्यात ठपका कमी असतो. ‘ब्लंडर’मध्ये मूर्खपणाचा किंवा अज्ञानाचा आरोप आलाच. ‘स्लिप’ क्षुल्लक, तोंडातून किंवा हातून निसटलेली. ‘लॅप्स’मध्ये विसर किंवा ढिलाई. एखाद्या सहकाऱ्याला लिहिताना “युवर ब्लंडर” असं सहज लिहिणारे लोक आहेत, आणि मग समोरचा आठवडाभर का बोलत नाही याचं त्यांना नवल वाटतं.

‘एन्व्हियस’ आणि ‘जेलस’ यांतला फरक दोन ओळींत मिटतो: दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवं वाटणं हा हेवा पहिल्यात, आणि आपल्या मालकीचं मानलेलं दुसरा कुणी हिरावून नेईल ही अस्वस्थता दुसऱ्यात. बोलण्यात लोक सरसकट ‘जेलस’ म्हणतात, तेही चालतं. ‘कॉन्टिन्युअल’ म्हणजे पुन्हा पुन्हा, थांबत थांबत; ‘कॉन्टिन्युअस’ म्हणजे खंड न पडता. मराठीत दोघांनाही ‘सतत’ म्हणून आपण मोकळे होतो.

इंग्रजीत इतके शेजारी शब्द आले कुठून? बरंचसं उत्तर इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, विद्येची भाषा लॅटिन होतीच, आणि शेतकऱ्यांची जुनी इंग्रजी खाली तशीच चालू राहिली. म्हणून एकाच गोष्टीला तीन थर सापडतात: ‘आस्क’ जुन्या इंग्रजीतला, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून उचललेला. तसेच ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’. वर जावं तसा शब्द औपचारिक होत जातो, पण फरक तेवढाच नसतो. ‘इंटरॉगेट’मध्ये पद्धतशीर, अधिकारानं केलेली चौकशी आहे. शाळेतून आलेल्या मुलाची आईनं केलेली विचारपूस ‘इंटरॉगेट’नं लिहिलीत तर घराची पोलीस चौकी होते. (काही घरांत ते अचूकही असेल.)

अगदी एकाच अर्थाचे शब्द फार थोडे. ‘फर्झ’ आणि ‘गॉर्स’ ही पिवळ्या फुलांच्या एकाच काटेरी झुडपाची दोन नावं, हे नेहमीचं उदाहरण. ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इनफ्लॅमेबल’ या दोहोंचाही अर्थ ज्वालाग्राही. पण दुसऱ्यातलं ‘इन’ नकाराचं आहे असं कुणालाही वाटू शकतं, म्हणून सुरक्षेच्या सूचनांत पहिलाच वापरावा असा आग्रह धरला गेला. समानार्थी शब्दांनी जीव जाऊ शकतो याचा हा अस्सल पुरावा.

मूळ पुस्तक १९४२ चं. १९६८ मध्ये सुधारून ‘न्यू डिक्शनरी ऑफ सिनॉनिम्स’ निघाली, आणि १९८४ ची आवृत्ती आजच्या नावानं ओळखली जाते. प्रस्तावनेत या प्रकारच्या पुस्तकांचा इतिहास दिलाय, तो मला मूळ कोशाइतकाच करमणुकीचा वाटतो. सुरुवात फ्रान्समध्ये झाली, १७१८ साली आबे जिरार या धर्मगुरूंच्या पुस्तकानं. त्याच्या आधारावर १७६६ मध्ये जॉन ट्रस्लर या पाद्र्यानं इंग्रजीतलं पहिलं असं पुस्तक काढलं. हेच ट्रस्लर पुढे हस्ताक्षरासारख्या अक्षरांत छापलेली प्रवचनं इतर पाद्र्यांना विकत, म्हणजे वाचणाऱ्यानं ती स्वतः लिहिली आहेत असं समोरच्या भाविकांना वाटावं. मग १७९४ मध्ये हेस्टर पिओत्झी यांनी ‘ब्रिटिश सिनॉनिमी’ लिहिलं. बाई इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या जुन्या स्नेही, नवरा इटालियन संगीतकार. पुस्तकाचा रोख रोजच्या बोलण्यातल्या शब्दनिवडीवर आणि त्यात अडखळणाऱ्या परक्या लोकांवर. व्याकरणपंडितांच्या गर्दीत ही बाई मला आपल्या बाजूची वाटते. १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांचं जाडजूड पुस्तक आलं आणि पुढे कितीतरी वर्षं चाललं. शब्दांमधले फरक सांगणाऱ्यांची ही एक परंपरा, आणि रॉजेसारख्या याद्या देणाऱ्यांची दुसरी. मेरियम-वेबस्टरचे संपादक स्वतःला पहिल्या परंपरेत धरतात, आणि यादीवाल्यांनी ‘समानार्थी’ या शब्दाचा अर्थ किती सैल केला याची त्यांना मनापासून चीड आहे. ती चीड मला आवडते.

आता तक्रारी. पहिली उदाहरणांची. प्रत्येक छटा दाखवायला साहित्यातली आणि नियतकालिकांतली वाक्यं दिलीत, आणि त्यांत शेक्सपिअर-मिल्टनपासून विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांपर्यंत सगळे हजर आहेत. वाचायला मजा येते. पण जुन्या कवितेतलं वाक्य पाहून कुणी तोच शब्द आजच्या ईमेलमध्ये घातला तर वाचणारा हसेल. शब्द आज कितपत चालतो हे उदाहरणावरून कळायला हवं, ते इथे दर वेळी कळत नाही.

दुसरी, परिच्छेद घट्ट आहेत. एक छटा, कंसात उदाहरण, पुन्हा छटा, पुन्हा उदाहरण, असं पानभर चालतं. ‘शेक’च्या गटात ‘ट्रेंबल’, ‘क्वेक’, ‘क्विव्हर’, ‘शिव्हर’, ‘शडर’ असे थरथरणारे डझनभर शब्द आहेत, आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर पहिला विसरतो. घाईत उघडायचं हे पुस्तक नाही. मी लागणारे गट आधी सवडीनं वाचते आणि प्रत्येक शब्दापुढे माझ्या मराठीत दोन-तीन शब्दांची टीप पेन्सिलीनं लिहिते. मग कामाच्या वेळी फक्त टिपा पाहायच्या.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, शब्दांच्या सोबतीची. ‘एरर’ आणि ‘मिस्टेक’ यांतला फरक इथे उत्तम कळतो, पण ‘मिस्टेक’ ही ‘मेक’ करतात आणि ‘कमिट’ शोभतो तो ‘क्राइम’ला, किंवा फार तर ‘एरर’ला, हे मुद्दाम कुणी सांगत नाही. पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’, उलट का नाही, याला अर्थाचं उत्तरच नाही. इंग्रजीत वाढलेल्या वाचकाला हे सांगायची गरज नव्हती, आणि पुस्तक त्याच्यासाठीच लिहिलंय. आपल्याला इथे दुसरी सोबत लागते. शिकणाऱ्यांसाठी काढलेली ‘लाँगमन लँग्वेज ॲक्टिव्हेटर’ (पहिली आवृत्ती १९९३) आणि ‘ऑक्सफर्ड लर्नर्स थिसॉरस’ (२००८) ही दोन्ही पुस्तकं नेमकं हे काम करतात: सोपी इंग्रजी, आजची वाक्यं, कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द येतो याची माहिती. छटांच्या खोलीत ती मेरियम-वेबस्टरपर्यंत जात नाहीत. शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं एकच घ्यायचं असेल तर मी बेधडक ऑक्सफर्डचं नाव सांगेन.

आणि मजकूर १९८४ चा आहे, हे विसरू नका. त्यानंतर ज्या शब्दांचा सूर बदलला त्यांची खबर इथे शोधू नये. ‘हँडिकॅप्ड’ हा शब्द एके काळी सरकारी कागदांत बिनधास्त वावरायचा, आज तो टाळतात. अशा शब्दांसाठी ताजा कोशच पाहायला हवा. अमेरिकन आणि ब्रिटिश वापरातल्या खाचखळग्यांसाठीही हे पुस्तक पुरेसं नाही. सभेत एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटिश माणसासाठी तो चर्चेला घेणं आणि अमेरिकन माणसासाठी बाजूला ठेवणं. दोन्ही देशांतले लोक जिथे एकत्र बसतात तिथे हा शब्द मी वापरतच नाही.

कायद्याच्या आणि विज्ञानाच्या परिभाषेला तर यातलं काहीच लावू नका. ‘थेफ्ट’, ‘रॉबरी’ आणि ‘बर्गलरी’ यांत छटांचा फरक नाही, व्याख्यांचा आहे. ‘रॉबरी’त बळजबरी किंवा धाक लागतो, ‘बर्गलरी’त गुन्ह्याच्या इराद्यानं आत शिरणं लागतं. तसंच ‘ॲक्युरसी’ म्हणजे खऱ्या मूल्याच्या जवळ असणं आणि ‘प्रिसिजन’ म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच येणं. काटा बिघडलेला असेल तर दर वेळी तंतोतंत तेच चुकीचं वजन दाखवेल.

विकत न घेता चव पाहायची असेल तर मेरियम-वेबस्टरच्या संकेतस्थळावर कुठलाही नेहमीचा शब्द उघडा. अनेक शब्दांखाली ‘चूज द राइट सिनॉनिम’ असा भाग दिसतो, त्यात याच पद्धतीचे फरक एकेका वाक्यात असतात. बऱ्याच लोकांचं काम तेवढ्यात भागेल. भागलं नाही, एकेका वाक्यानंतर ‘बरं, पण मग’ असं म्हणावंसं वाटलं, तर छापील पुस्तक तुमच्यासाठी आहे.

घेताना एक काळजी घ्या. याच कंपनीचे थिसॉरसही आहेत, आणि दुकानात किंवा ऑनलाइन विक्रीच्या पानावर नावांचा सहज घोटाळा होतो. आतली पानं पाहता आली तर ‘फिअर’ काढून बघा. शब्दांची नुसती यादी दिसली तर ते दुसरं पुस्तक आहे, ठेवून द्या. ‘ड्रेड’ आणि ‘ट्रेपिडेशन’ यांवर वाक्यंच्या वाक्यं दिसली तर हेच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात १९६८ ची प्रत मिळाली तरी बिनदिक्कत घ्या, गटांची चर्चा बरीचशी तीच आहे.